बालकांच्या औषधाचे माप

मुलाला औषध देणे म्हणजे आधी त्याचे वजन करणे. मोठ्या माणसाच्या चिठ्ठीवर ‘एक गोळी सकाळी, एक संध्याकाळी’ एवढे लिहून भागते, कारण पन्नास किलोचा आणि ऐंशी किलोचा माणूस बहुतेक औषधांपुरता एकाच गोळीत बसतो. बाळाचे तसे नाही. जन्मताना तीन किलोच्या आसपास असलेले मूल पाचव्या महिन्याच्या सुमारास दुप्पट होते आणि वर्षाचे होईतो तिप्पट. दिवाळीत लिहून दिलेला डोस होळीला अपुरा ठरतो. थोरल्याच्या आजारपणातली उरलेली बाटली धाकट्याला त्याच मापाने दिली, तर तोच डोस दुप्पट होऊ शकतो. म्हणून बालकांच्या औषधोपचारात औषधाचे नाव बरोबर असूनही अपाय होतो. नाव चुकण्यापेक्षा आकडा चुकणे इथे कितीतरी सोपे असते.

हा आकडा किती हातांतून जातो, हे दिघीसारख्या वस्तीत स्पष्ट दिसते. आळंदी रस्त्यावरचे, लष्करी हद्दीला लागून असलेले हे गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. भोसरीची एमआयडीसी जवळ आणि चाकणचे कारखाने रोजच्या येण्याजाण्याच्या टप्प्यात, त्यामुळे मराठवाड्यातून, विदर्भातून आणि उत्तरेकडून आलेली कुटुंबे इथे भाड्याच्या खोल्यांतून राहतात. अशा घरात आई पहिल्या पाळीला जाते, वडील रात्रपाळी करून येतात, आणि मधल्या वेळेत गावाहून आलेली आजी किंवा शेजारीण मुलाला सांभाळते. डॉक्टरांनी मिलिग्रॅममध्ये केलेला हिशेब चिठ्ठीवर मिलिलिटर होऊन उतरतो. मेडिकलवाला तो ‘अर्धा चमचा तीनदा’ असा सांगतो. आई तो आजीला सांगून कामावर जाते. आजीने दुपारी औषध दिले की नाही हे संध्याकाळी वडिलांना ठाऊक नसते, म्हणून ‘असू दे, एकदा देऊन टाकू’ असे होते. यात निष्काळजी कोणीच नसते. तरीही पोटात काय गेले, हे कोणालाच नक्की सांगता येत नाही.

तापाच्या साध्या औषधाचे उदाहरण पुरेसे आहे. पॅरासिटामॉलचा नेहमीचा डोस दर किलोला १५ मिलिग्रॅमपर्यंत असतो. दोन डोसांत निदान चार ते सहा तासांचे अंतर ठेवावे लागते आणि दिवसात चारपेक्षा जास्त वेळा तो देत नाहीत. दहा किलोच्या मुलाला एका वेळी १५० मिलिग्रॅम लागतात. पण हे औषध बाजारात एकाच तीव्रतेत मिळत नाही. तान्ह्यांच्या ड्रॉप्समध्ये एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असते. साध्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरला १२५ आणि जादा शक्तीच्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरला २५०. त्यामुळे तोच डोस ड्रॉप्समध्ये दीड मिलिलिटर, साध्या सिरपमध्ये सहा आणि जादा शक्तीच्या सिरपमध्ये तीन मिलिलिटर होतो. घरात साध्या सिरपची सवय झालेली असताना हाताशी ड्रॉप्सची बाटली आली आणि त्यातूनच सहा मिलिलिटर दिले गेले, तर मुलाच्या पोटात ६०० मिलिग्रॅम जातात. दिवसभराची कमाल मर्यादा एका घोटात संपते. असे दिवसातून चारदा, दोन दिवस चालले, तर यकृत निकामी होण्याचा खरा धोका असतो. तापात यकृताला इजा झाल्याची लक्षणे उलट्या आणि मरगळ अशीच असल्याने ती आधी आजाराच्याच खात्यात मोडली जातात.

यातून चिठ्ठी कशी असावी हे आपोआप ठरते. वर मुलाचे त्या दिवशी मोजलेले वजन, मग औषधाचे मूळ नाव, त्याची तीव्रता, आणि शेवटी एका वेळी किती मिलिलिटर, किती तासांनी, किती दिवस. ‘एक चमचा’ हा शब्द टाळलेला बरा. औषधाचा चमचा पाच मिलिलिटरचा मानतात, पण घरातल्या चमच्यांचे कोणतेही ठरलेले माप नसते. चहाचा चमचा आणि पोह्यांचा चमचा यांत दुपटीहून अधिक फरक पडू शकतो. सुई नसलेली पाच किंवा दहा मिलिलिटरची सिरिंज हे सर्वांत भरवशाचे माप आहे आणि ती जवळपास कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते. डॉक्टरांनी किंवा औषध देणाऱ्याने तिच्यावर पेनाने रेघ मारून दिली, तर वाचता न येणाऱ्या आजीलाही चूक करायला जागा उरत नाही. दशांश चिन्हाकडे तर खास लक्ष हवे. ‘.५’ असे लिहिले आणि टिंब पुसट निघाले की डोस दहापट होतो, म्हणून आधी शून्य लिहिलेच पाहिजे.

वजन हा हिशेबाचा पाया असला तरी मूल म्हणजे लहान मापाचा मोठा माणूस नव्हे. नवजात बाळाचे यकृत औषधे मोडण्याचे काम अजून शिकत असते आणि मूत्रपिंडांची गाळण्याची शक्तीही अपुरी असते. क्लोरॅम्फेनिकॉल या अँटिबायोटिकने हा धडा फार महागात शिकवला. मोठ्यांच्या डोसावरून काढलेले प्रमाण दिल्याने नवजात बाळे राखाडी पडून दगावली, आणि त्यामागचे कारण १९५९ च्या सुमारास उलगडले. याच्या उलट एक ते सहा वर्षांची मुले काही औषधे दर किलोमागे मोठ्यांपेक्षा वेगाने संपवतात, त्यामुळे त्यांना प्रमाणात जास्त डोस लागतो. आठ वर्षांखालच्या मुलांत टेट्रासायक्लिनने दातांवर कायमचे पिवळट-तपकिरी डाग राहतात. फ्लू किंवा कांजिण्यांमध्ये अॅस्पिरिन दिल्यास मेंदू आणि यकृत यांना इजा करणारा राय सिंड्रोम होऊ शकतो. ‘मोठ्यांची गोळी अर्धी करून द्या’ हा सल्ला या सगळ्या अनुभवावर पाणी फिरवतो.

माप बरोबर काढायच्याही आधी एक प्रश्न येतो : हे औषध मुळात हवे आहे का? या प्रश्नाचे वजन २०२५ मध्ये विदर्भाच्या सीमेवर कळले. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात, परासिया भागात, सप्टेंबरमध्ये सर्दी-खोकल्याच्या साध्या आजारानंतर लहान मुलांची लघवी बंद होऊ लागली. बरीच मुले नागपूरच्या रुग्णालयांत हलवली गेली, आणि तिथे मूत्रपिंडे निकामी होऊन अनेक मुले दगावली. मृतांचा आकडा वीसच्या पुढे गेला. त्यांना दिलेले ‘कोल्ड्रिफ’ हे सिरप तामिळनाडूतल्या कांचीपुरम जिल्ह्यातल्या श्रेसन फार्मास्युटिकल्सने बनवलेले होते. त्याच्या एसआर-१३ या बॅचमध्ये तामिळनाडूच्या तपासणीत ४८.६ टक्के डायइथिलिन ग्लायकॉल सापडले. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात या बॅचबाबत राज्यात इशारा दिला.

डायइथिलिन ग्लायकॉल हे औद्योगिक द्रावक आहे. ते गोडसर, घट्ट आणि स्वस्त असते, म्हणून सिरपमध्ये वापरायच्या शुद्ध ग्लिसरीनच्या किंवा प्रॉपिलिन ग्लायकॉलच्या जागी ते फसवणुकीने किंवा तपासणीतल्या हयगयीने शिरते. अमेरिकेत १९३७ मध्ये याच रसायनात विरघळवलेल्या सल्फानिलामाइडने शंभराहून अधिक बळी घेतले, आणि त्यातून तिथला १९३८ चा औषध कायदा आला. महाराष्ट्रालाही हे विष नवे नव्हते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये रुग्णांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये तेच निघाले आणि १४ जण मरण पावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्या प्रकरणात औषध खरेदीपासून मंत्रालयापर्यंतची साखळी उघडी केली. त्यानंतरही जम्मूतील रामनगर, आफ्रिकेतील गांबिया आणि उझबेकिस्तान इथे भारतीय सिरपांनी मुले गेली. प्रत्येक कच्च्या मालाची आणि प्रत्येक बॅचची तपासणी ही उत्पादकाची आणि शासनाची जबाबदारी आहे. ती आईवर किंवा गल्लीतल्या डॉक्टरवर ढकलणे अन्यायाचे होईल, कारण बाटली उघडून, हुंगून किंवा चाखून हे विष ओळखता येत नाही.

परंतु परासियाच्या घटनेचा दुसरा अर्धा भाग चिठ्ठीशी जोडलेला आहे. त्या सिरपमध्ये पॅरासिटामॉल, फिनाइलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन यांचे मिश्रण होते. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन ही जोडी चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असा इशारा लेबलवर छापण्याची सूचना केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच दिली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा सांगितले, की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे लिहून देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती सहसा टाळावीत. दगावलेली बहुतेक मुले पाच वर्षांखालची होती. सिरप शुद्ध असते तरी त्या वयात त्याचा उपयोग नव्हता. साधी सर्दी विषाणूंमुळे होते आणि आठवडा-दहा दिवसांत जाते. खोकला छातीतला कफ बाहेर टाकतो, तो दाबून टाकण्यात मुलाचा फायदा नाही. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, अंगावरचे दूध किंवा कोमट पाणी, आणि वर्षावरील मुलाला थोडा मध, एवढ्याने रात्र निभते. वर्षाखाली मध देऊ नये, नवजाताला चाटवायलाही नको, कारण त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंपासून बॉट्युलिझम हा पक्षाघाताचा आजार होऊ शकतो. श्वास जलद चालू लागला, बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या किंवा बाळ पीत नसेल, तर मात्र सिरप शोधत न बसता थेट रुग्णालय गाठायचे असते. दिघीहून नवीन भोसरी रुग्णालय किंवा पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय फार लांब नाही.

तापाबद्दलची भीती याहून जुनी आणि चिवट आहे. ‘ताप डोक्यात जाईल’ या धास्तीने घरोघरी दोन-दोन ताप-औषधे आलटून पालटून दिली जातात. निमेसुलाइड हे औषध यकृताच्या धोक्यामुळे १२ वर्षांखालच्या मुलांसाठी भारतात २०११ पासून बंद आहे. मेफेनॅमिक अॅसिड मुलांच्या तापात आपल्याकडे सर्रास लिहिले जाते, पण पावसाळ्यात पिंपरी-चिंचवडमध्ये डेंग्यूचे रुग्ण वाढतात तेव्हा ते आणि आयबुप्रोफेन दोन्ही टाळायला हवीत. डेंग्यूत रक्तातल्या प्लेटलेट्स उतरतात आणि ही औषधे रक्तस्रावाचा धोका वाढवतात. त्या दिवसांत निदान होईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल, तेही मोजून, हेच शहाणपणाचे. पुडीतल्या सुट्या गोळ्यांची तर गोष्टच वेगळी. नाव नसलेल्या पुडीत स्टेरॉइड असले तर ताप झटकन उतरतो, मूल खेळू लागते, आणि डॉक्टरांच्या हाताला गुण आहे असे वाटते. पण आतला संसर्ग झाकला जातो आणि पुढच्या डॉक्टरांना मुलाने काय घेतले आहे ते कळायला मार्ग उरत नाही.

अँटिबायोटिकचे प्रकरण या परिसराच्या इतिहासाशीच निगडित आहे. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने तिथे पेनिसिलिन बनू लागले, आणि परदेशातून येणारे दुर्मीळ औषध देशात तयार झाले. तेव्हा प्रश्न तुटवड्याचा होता. आता साध्या सर्दीलाही अँटिबायोटिक लिहिले जाते, जिथे त्याचा काडीचाही उपयोग नसतो. शिवाय लहान मुलांची अँटिबायोटिक बहुधा कोरड्या भुकटीच्या बाटलीत येतात आणि त्यांचे अखेरचे मिश्रण कारखान्यात नव्हे, स्वयंपाकघरात होते. उकळून थंड केलेले पाणी खुणेपर्यंत घालायचे, हलवून फेस बसू द्यायचा, पातळी खाली गेली तर पुन्हा खुणेपर्यंत भरायचे. पाणी कमी पडले तर प्रत्येक डोस तिखट होतो, जास्त पडले तर फिका. बाटली न हलवता देत गेले, की पहिले दिवस पाणचट आणि शेवटचे दिवस दाट औषध पोटात जाते. अमॉक्सिसिलिनची बाटली तयार केल्यावर साधारण सात दिवसच चालते. उरलेली पुढच्या आजारासाठी ठेवण्यात अर्थ नाही.

जुलाबात औषधांची गर्दी अधिकच निरर्थक असते. जीव वाचवतात ते ओआरएस आणि १४ दिवसांचे झिंक. झिंक सहा महिन्यांखाली रोज १० मिलिग्रॅम आणि त्यावर २० मिलिग्रॅम देतात. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते, छोटे २०० मिलिलिटरसाठी. मोठे पाकीट पेलाभर पाण्यात कालवले तर मिठाचे प्रमाण धोक्याच्या पातळीवर जाते. ‘ओआरएस’ हे नाव लावून विकली जाणारी गोड पेये जुलाब वाढवू शकतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ते नाव अशा पेयांवर वापरायला मनाई केली. आतड्यांची हालचाल थांबवणारे लोपेरामाइड लहान मुलांना द्यायचे नसते.

‘ताकदीची औषधे’ हा या विषयाचा सर्वांत दुर्लक्षित भाग. टॉनिकला कोणी औषध मानत नाही, म्हणून त्याचे माप कोणी ठेवत नाही. ड जीवनसत्त्व वर्षाखालच्या बाळाला रोज ४०० युनिट पुरते. पण त्याचे ड्रॉप्स कुठे मिलिलिटरला ४००, तर कुठे ८०० युनिटचे असतात. उपचारासाठी मिळणाऱ्या छोट्या बाटलीत एकदम ६०,००० युनिट असतात आणि ती आठवड्याला एक अशी ठरावीक काळच द्यायची असते. आठवड्याची बाटली रोज दिली गेली तर रक्तातले कॅल्शियम चढते, मूल चिडचिडे होते, उलट्या करते, बद्धकोष्ठाने कण्हते, आणि मूत्रपिंडांत कॅल्शियम साचू लागते. अ जीवनसत्त्वाचा सरकारी डोस नवव्या महिन्यात एक लाख युनिट आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख युनिट असा आहे. गावाहून दिघीत आलेल्या कुटुंबाचे माता-बाल संरक्षण कार्ड अनेकदा गावीच राहते. अंगणवाडी सेविकेसमोर कार्ड नसले की मागचा डोस कधी झाला, याचा पुरावा नाहीसा होतो.

लोहाचा धोका वेगळ्या वाटेने येतो. अॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर सिरप देतात, त्यात २० मिलिग्रॅम लोह असते. ते योग्य आणि गरजेचे आहे. पण त्याच घरात गरोदर आईच्या लाल गोळ्या असतात, प्रत्येकी ६० मिलिग्रॅम लोहाच्या, रंगीत, गोळ्या-चॉकलेटसारख्या दिसणाऱ्या. दहा किलोच्या मुलाने खेळता खेळता अशा दहा गोळ्या गिळल्या, तर दर किलोला ६० मिलिग्रॅम लोह पोटात जाते, आणि तिथून जीवघेण्या विषबाधेची हद्द सुरू होते. उलट्या थांबून काही तास मूल बरे वाटते, मग एकाएकी कोसळते. ज्या घरात एकच खोली आणि एकच फळी आहे तिथे ‘मुलांपासून दूर ठेवा’ हे वाक्य पाळायला कुलपाचा डबा लागतो. गोळ्या देणाऱ्यांनी हे बोलून दाखवायला हवे.

घरगुती गुटीलाही हेच माप लावावे लागते. मराठी घरांत सहाणेवर हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, हिरडा, सुंठ, बदाम, खारीक उगाळून बाळाला चाटवतात. त्या परंपरेला मापाची जाणीव होती : कशाचे किती वेढे, ते महिन्यागणिक कसे वाढवायचे, हे आजीला पाठ असे. तयार गुटीच्या बाटलीत ते वेढे हरवतात. वेखंड आणि जायफळ जास्त झाले तर बाळाला गुंगी येते, आणि गुंगीत पडलेले बाळ शांत झाले असे भासते. त्यातच सहाण आणि पाणी स्वच्छ नसले तर जुलाब ठरलेले. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाखेरीज काहीच नको, हा आजचा सल्ला म्हणूनच जास्त सुरक्षित आहे. बाळाला झोपवून कामावर जाण्याची निकड काय करवते, हे मुंबईच्या गिरण्यांनी पाहिले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरणीत जाणाऱ्या बाया तान्ह्यांना अफूची ‘बाळागोळी’ देत. सरकारी पाहणीतही ती नोंदली गेली. त्या आयांच्या मायेत कमतरता नव्हती, मूल सांभाळणारे कोणी नव्हते. सर्दीच्या सिरपमधली झोप आणणारी औषधे पाळीवर जाण्याआधी देण्याचा मोह त्याच जातीचा आहे. त्यावर पाळणाघर हा औषधापेक्षा चांगला उपाय आहे.

आरोग्य यंत्रणेच्या हातूनही चूक होते. यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी इथे ३१ जानेवारी २०२१ रोजी पल्स पोलिओच्या थेंबांऐवजी १२ मुलांना हात धुण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. मुले बचावली. कर्मचारी निलंबित झाले. पण लसीशेजारी सॅनिटायझरची बाटली ठेवण्याची वेळ कोविडकाळात गावोगाव येत होती, आणि प्रत्येक थेंबाआधी लेबल मोठ्याने वाचण्याची पद्धत रुळली असती तर एका चुकीचा भार १२ मुलांवर पडला नसता.

चूक लक्षात आल्यावर काय करायचे, हे आधीच ठाऊक असावे लागते. मुलाला बोटे घालून उलटी करवू नये, मिठाचे पाणी पाजू नये. पॅरासिटामॉल जास्त गेले असेल तर लक्षणांची वाट पाहायची नसते. त्यावरचे अॅसिटिलसिस्टीन पहिल्या आठ तासांत दिले तर जवळजवळ हमखास काम करते, आणि तेव्हा मूल बहुधा ठणठणीत दिसत असते. रुग्णालयात जाताना बाटली, तिचे खोके, चिठ्ठी आणि वापरलेला चमचा किंवा सिरिंज सोबत न्यावी. कोणत्याही औषधाचा अनपेक्षित अपाय भारतीय औषध दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर आई-वडीलही कळवू शकतात, त्यासाठी डॉक्टरच असावे लागत नाही. लघवी कमी होणे, मूल न उठणे, अंगावर पुरळ उठणे अशा तक्रारीत बाटली रिकामी झाली तरी टाकू नये. तिच्यावर बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि उत्पादकाचे नाव असते, आणि त्याच बॅचच्या दुसऱ्या बाटल्या तेव्हा इतर घरांतल्या फळ्यांवर असतात.